ठमाबाईचा सहा मीटरचा रस्ता

मंगळवार, ११ मार्च २०२५. दूध उशिरा. दहाला ठमाबाईबरोबर नगररचना कचेरीत. रेखांकन तिसऱ्यांदा परत. दुपारी डोकं दुखलं.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. राग आला की मी थोडक्यात लिहिते.

ठमाबाई चौतीस वर्षं आमच्याकडे मासळी घेऊन येते. नवरा खाडीत बुडाला तेव्हा लेक किशोरी कडेवर होती, मुलगा जीवन जेमतेम तीन वर्षांचा होता. तेव्हापासून टोपलीच्या जोरावर तिने गावातलं घर आणि जमीन राखली. आता किशोरी सासर सोडून परत आली आहे. जमिनीचे दोन तुकडे व्हावेत, पुढचा जीवनचा, मागचा किशोरीचा, एवढीच ठमाबाईची इच्छा. तेही तोंडी नको, मंजूर नकाशावर, म्हणजे रेखांकनावर.

"मी गेल्यावर भावजय तिला राहू देल का, बाई?" असं तिने विचारलं आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर शाळेतल्या नन्सनी घडवलेलं आहे. कचेरीवर त्याचा काही परिणाम होत नाही.

अडचण अगदी साधी होती. मागच्या तुकड्याला नियमाने सहा मीटर रुंद रस्ता हवा. ठमाबाईच्या जमिनीत भरत होता चार. उरलेले दोन मीटर तिचा चुलत दीर काळूराम याच्या जागेतून जात होते. त्या वाटेने सगळं गाव ये-जा करतं. फक्त काळूरामची लेखी संमती हवी होती.

स्टॅम्पपेपर घेऊन मी तीनदा त्याच्याकडे गेले. तीनही वेळा त्याने कोकम सरबत दिलं, सही दिली नाही. रस्त्याला त्याची हरकतच नव्हती. सही मागितली हाच अपमान.

"वाट माझ्या बापानं दिलेली हाय. मी कवा आडवली का? मंग कागद कशाला? वयनीचा माझ्यावर भरोसा नाय, असंच ना?"

नकाशे काढणाऱ्या प्रितेशला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, काका बोलले ते मला पटतं. पण बोललेलं नकाशात काढता येत नाही."

शेवटी तोड ठमाबाईनेच काढली. दुसऱ्या बाजूला तिचे स्वतःचे दोन मीटर होते, पण त्यांवर तिचं स्वयंपाकघर उभं होतं. ते पाडायचं. मी पुष्कळ बोलले. गेल्याच वर्षी तिने तिथे लादी बसवली होती.

"लादी परत मिलंल," ती म्हणाली. "पोरीला जागा कोण देल?"

प्रितेशने नकाशात स्वयंपाकघर पिवळ्या रंगात, म्हणजे पाडायचं बांधकाम म्हणून दाखवलं. मे महिन्यात रेखांकन मंजूर झालं, आधी स्वयंपाकघर पाडण्याच्या अटीवर.

पाडायच्या दिवशी सकाळी आठला पहार घेऊन कोण हजर? काळूराम. मजूर लावू दिले नाहीत. दुपारी चारपर्यंत एकट्याने भिंत उतरवली, लाद्या एकेक करून न फोडता काढल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, काळूराम, सहीला अर्धं मिनिट लागलं असतं.

घाम पुसत तो म्हणाला, "सही वेगली, बाई. यो घरचा काम हाय."

ठमाबाईची शेगडी आणि भांडी त्याच्याच ओटीवर मांडली गेली. नवं स्वयंपाकघर होईपर्यंत दोन्ही घरांचं जेवण तिथेच.

शनिवार, १७ मे. संध्याकाळी घरी. साडी धुळीने भरली होती, भिजत घातली.