‘येते’ म्हण गं

भुताखेतांवर माझा विश्वास? छे! समोर भूत आलं तरी आधी त्याचं आधार कार्ड मागेन, असा माणूस मी. मित्र म्हणतात, मी मुंगीचा हत्ती करून विकतो... विकतो! पण पुढचं सगळं मुंगीएवढंच सांगतोय.

माझी धाकटी बहीण सुखदा. तिला एमएस हा मज्जासंस्थेचा आजार झालेला — मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचेना. डावा पाय फरफटायचा. दिल्लीत आर. के. पुरमचं आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी तिला पाठुंगळी घेऊन चढायचो. तिची जिद्द एकच — हे जिने स्वतःच्या पायांनी चढून आईच्या हातचा चहा प्यायचा.

त्यासाठी फिजिओथेरपी. ट्रेडमिलवर चालायचं, डोक्यावर वायरींची टोपी — चालताना मेंदू कुठे काम करतो ते स्क्रीनवर दिसतं. त्या टोपीत ती अगदी आकाशकंदील दिसायची.

“दादा, फोटो काढलास तर बघ हं!”

त्या दुपारी चालण्याआधी ती डोळे मिटून खुर्चीत बसली होती. अचानक स्क्रीनवर लाल ठिपके...

थेरपिस्ट मॅडम वैतागल्या, “सुखदा, पैर मत हिलाओ यार!”

पाय तर दगडासारखे. मॅडम वायरी तपासू लागल्या. “ये तो चलने वाला पैटर्न है...”

तेवढ्यात आईचा फोन. हसतेय की रडतेय, कळेना.

“अरे, तू कुठे राहिलास? सुखी एकटी चालत आली! पाय अजिबात ओढत नव्हती रे! मी चहा टाकतेय तोवर म्हणते, ‘आई, जाते.’ दिल्लीत वाढलेली कार्टी... कितीदा शिकवलंय, निघताना ‘येते’ म्हणावं. ‘येते म्हण गं’ म्हणून ओरडले, तर जिना उतरूनसुद्धा गेली!”

मी समोर पाहिलं. सुखदा खुर्चीतच. स्क्रीनवरचे ठिपके एकेक करून विझत होते.

त्यानंतर तिने पाऊल टाकलं नाही. दोन्ही पाय गेले. डॉक्टर म्हणाले, रिलॅप्स, आजार उलटला — होतं असं. असेल. पण आमच्या दारात कोण आलं होतं, ते डॉक्टरांना सांगता येत नाही आणि मलाही नाही.

त्या फोनबद्दल सुखदाला काही सांगितलेलं नाही. आईलाही शपथ घातलीय. तरी परवा तिला पाठीवर घेऊन जिना चढत होतो, तर कानाशी हळूच म्हणाली, “दादा, त्या दिवशी निघताना मी आईला काय म्हणाले रे?”

“‘येते’ म्हणालीस.”

जन्मभर थापा मारत आलो... ही तिला पटली की नाही, कळलं नाही. तिने फक्त माझ्या गळ्याभोवतीचे हात घट्ट केले.