दौंडच्या यार्डातले रणगाडे

आमचे हे दौंडच्या रेल्वे यार्डात होते. मालगाडी लागली की कडेनं चालत जायचं आणि वॅगनचे नंबर लिहून घ्यायचे, हे यांचं काम. नव्वदच्या दशकात यार्डात मिलिटरीच्या गाड्या वरचेवर लागू लागल्या. उघड्या वॅगनवर ताडपत्रीखाली रणगाडे. ते मोजायचा यांना नादच लागला.

"आजबी लय रणगाडं गेलं," जेवताना सांगायचे. "समदं जग हत्यारं घेतंय, आपलं सरकार काय मागं ऱ्हातंय व्हय? रणगाड्याचे पार्ट करणाऱ्या कंपनीचे शेअर घिऊ."

"मोजा खुशाल," मी म्हणायची, "पण जागंच्या पैशाला हात लावायचा न्हाई."

निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं. यवतला रस्त्याला लागूनच दोन गुंठे जागा आम्ही ठरवली होती. मालक ओळखीचे एक म्हातारे मामा, नुसत्या शब्दावर थांबलेले. मी तिथं दगड मांडून स्वयंपाकघर आखून आले होते. पूर्वेला खिडकी.

यांनी हात लावलाच. मला न विचारता सगळे पैसे पुण्याच्या दलालाकडे. "दिवाळीला डबल हुत्यात. मग दोन न्हाई, चार गुंठं घिऊ."

एकदा मी यार्डात डबा द्यायला गेले. वॅगनवर बसलेल्या जवानानं पाणी मागितलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, रोज इतने रणगाडे किधर जाते?"

तो हसला. "यही हैं, माताजी. मरम्मत के लिए जाते हैं, वापस आते हैं. साल भर यही चलता है."

माझं डोकंच फिरलं. दुरुस्तीला जाताना मोजलेले, तेच येताना पुन्हा मोजलेले! ज्या माणसाचा जन्म गेलेली वॅगन परत कधी आली हे लिहिण्यात गेला, त्याला एवढं कळू नये?

घरी विचारलं, तर म्हणतात, "नंबर येगळं व्हतं."

"वॅगनचं! रणगाड्याचं नंबर बघितलं का?"

"ताडपत्री व्हती की वर."



दिवाळीला शेअर उतरले. मामा गुढीपाडव्यापर्यंत थांबले, मग जागा खुटबावच्या एका बागायतदारानं घेतली. मामांचं काही चुकलं नाही. आम्ही क्वार्टर सोडलं आणि मिळेल त्या भावाला शेअर विकून भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलं.

पुढं काही वर्षांनी तीच कंपनी चढली. हे पेपर नाचवत स्वयंपाकघरात आले. "बघ! माझं गणित बरोबर व्हतं. तूच इकायची घाई केलीस."

घाई! डिपॉझिट काय ताडपत्रीनं भरणार होते? त्या दिवशी मी यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, आणि यांच्या ते लक्षातही आलं नाही.

नंतर एकदा पुण्याला जाताना आमची एसटी यवतला थांबली. त्या जागेवर आता टुमदार घर आहे. पूर्वेच्या खिडकीत घासलेली भांडी पालथी घातली होती. हे माझ्यावरून वाकून बघत म्हणाले, "सैपाकघराला खिडकी झ्याक काढलीय गं. कुनाचं डोकं आसंल?"

मी दगड मांडत होते तेव्हा, एकेक दगड उचलून, हेच माझ्या हातात देत होते.