चहा येईपर्यंत गप्प

अण्णांच्या श्रद्धांजलीचा बोर्ड मी केलाय.

आज सकाळी तो शाहूपुरीत त्यांच्या दुकानासमोर लागला.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शाहूपुरीत त्यांचं डिझाइन आणि फ्लेक्सचं दुकान. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुकानाच्या माडीवर आमचा ग्रुप जमायचा. कोणी वेबसाइट करणारं, कोणी लग्नपत्रिका, कोणी नुकतंच फोटो एडिटिंग शिकायला लागलेलं.

पुण्यात याला मीटअप म्हणतात. अण्णा तालीम म्हणायचे.

"रविवारी तालमीला या. येताना फाइल आणा, कारणं आणू नका."

तालमीचा नियम एकच. ज्याचं काम प्रोजेक्टरवर लागणार, त्याने भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसायचं. आणि चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

बाकीचे बोलणार. त्याने फक्त त्यांचे चेहरे बघायचे.

मी बारावी अर्धवट सोडली होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून वेबसाइट करायला शिकत होतो. पहिल्यांदा गेलो ते कसबा बावड्यातल्या एका दूध डेअरीची साइट घेऊन.

उचगावचा बाळू म्हणाला, "ह्यात दुधाचा दर कुठं हाय?"

मी मागे वळून सांगायला लागलो, वर त्या तीन रेघा आहेत ना, त्या दाबल्या की...

"गप," अण्णा म्हणाले. "तू काय हरेक गवळ्याच्या फोनात बसून सांगणार हायस व्हय?"

सगळे हसले. माझे कान तापले.

"भिंतीकडं बघू नगंस. तोंडं बघ. कपाळाला आठ्या कुठं पडत्यात ते बघ."

थोड्या वेळाने खालच्या गाड्यावरचे मामा किटली घेऊन वर आले. अण्णा म्हणाले, "हं, बोल आता."

बोलायला काही उरलंच नव्हतं. दर पहिल्याच पानावर पाहिजे होता, हे मला समोरच्या तोंडांवरून कळलं होतं.

पुढे अण्णांनी माझं नाव मास्तर ठेवलं. मी पेपर तपासल्यासारखी फाइल तपासत बसतो म्हणून.

नाव बरोबर आहे ना. फोन नंबर बरोबर आहे ना. फाइल बंद करायची, परत उघडायची. गिऱ्हाईक दारात उभं आणि माझं तपासणं चालूच.

शेवटी अण्णा मागून यायचे. "पाठव की आता."

मग मी पाठवायचो.

त्यांनी म्हटल्याशिवाय माझी एकही फाइल कधी बाहेर गेली नाही. घरून काम असलं तर फोन करायचो. मी काय विचारतोय ते पूर्ण ऐकायचेसुद्धा नाहीत. "पाठव की" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

गेल्या आठवड्यात अण्णा गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत.

अण्णांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, मला बोलावून घेतलं. "बोर्ड तूच कर बाबा. दुसऱ्या कुणी केला तर वरनं चुका काढत बसतील."

केला. पण पाठवता येईना.

तेवढ्यात महिन्याचा शेवटचा रविवार आला. बाळूचा फोन. "तालीम हाय. बोर्ड घेऊन ये."

मी भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसलो. बोर्ड लागला.

सगळे माझ्या डोक्यावरून मागे अण्णांकडे बघत होते.

मग बाळू म्हणाला, "पिवळं दिसाय लागल्यात."

"ते प्रोजेक्टरचं पाप," लग्नपत्रिका करणारी पूजा म्हणाली.

हे अण्णांचंच वाक्य. तो जुना प्रोजेक्टर सगळ्यांचेच रंग पिवळे करतो. सगळे जरा हसले आणि मग बोलायला लागले.

"पर हे अण्णा न्हाईत," बाळू म्हणाला. "हे बँकेत खातं काढायला आलेलं कोणतरी पावणं हाय."

मी त्यांचा पासपोर्ट साइज फोटो लावला होता. बोर्डावर तोच शोभेल असं मला वाटलं होतं. पण चहा अजून यायचा होता, मला बोलता येत नव्हतं.

"तो लाव की," पूजा म्हणाली. "चष्मा कपाळावर चढवलाय आणि टेबलावर चष्माच शोधतायत, तो. माझ्याकडे आहे."

"आणि खाली ही तोंडं कशाला एवढी?" आणखी कोणीतरी म्हणालं.

खाली 'शोकाकुल' म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो होते. ज्याने त्याने आपापला पाठवला होता, मला नाही म्हणवलं नाही. अण्णा असल्या बोर्डांना काय म्हणायचे, ते तिघा-चौघांनी एकदमच म्हटलं.

"ह्यात मेलेला माणूस हुडकाय लागतोय."

मामा किटली घेऊन वर आले. आता माझी पाळी.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. फोटो बदलला. खालचे सगळे चेहरे काढले. त्यात माझाही होता.

नाव तपासलं. तारीख तपासली. परत नाव. फाइल बंद केली, परत उघडली.

कोणी चहाला हात लावेना. मी कशाची वाट बघतोय ते सगळ्यांना कळत होतं.

बाळूने तोंड उघडलं. "पाठ..." म्हणाला आणि त्याला पुढचं बोलवेना. उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मी पाठवली.

आज सकाळी बोर्ड लागला तेव्हा मी दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. बोर्डाकडे पाठ करून. समोरून येणाऱ्यांचे चेहरे बघत.

एक जण गाडी हळू करून हसला. मग खालचं वाचलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबला. भाजीची पिशवी घेतलेल्या एक मावशी कितीतरी वेळ बघत राहिल्या. "असंच हुडकायचे की ओ," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही.

अण्णा, तुमच्या मास्तरचा शेवटचा नमस्कार.