कोऱ्या पडद्याची ओळ

दुपारभर मी मॅडमच्या पाठाची मांडणी नीट करत होते. मॅडम आमच्या कॉलेजात संगणकावर पुलांची गणितं करायला शिकवायच्या. पुलाचे बारीक तुकडे पाडायचे, ते अनेक संगणकांत वाटायचे आणि प्रत्येकाचं उत्तर शेजारच्याशी जुळवत राहायचं, हे त्यांनी नवख्या मुलांसाठी लिहिलं होतं. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि नजरही अधू झाली होती. म्हणून मी वाचायचे आणि त्या शेजारी डोळे मिटून ऐकायच्या.

समास सारखे करून, मथळे ठळक करून माझी मान अवघडली होती. मध्येच एक ओळ आली : 'आता पडदा बराच वेळ कोरा राहील. घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही.'

"ही काढू का, मॅडम? कॉलेजच्या नियमात बसत नाही. पाठात फक्त संगणकाला द्यायच्या आज्ञा आणि आकृत्या हव्यात म्हणे."

"राहू दे गं. सगळे तुकडे तेव्हा एकमेकांच्या उत्तरासाठी थांबलेले असतात. पोरांना वाटतं, बंद पडलं. इथेच सोडून देतात."

माझा हात थांबला. किती कामं, किती माणसंसुद्धा आपण अशाच कोऱ्या पडद्यापाशी सोडून येतो. आत काहीतरी चाललंय, एवढं सांगणारं कोणी जवळ नसतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं, मॅडम?"

त्यांनी डोळे उघडले. "नाही ना. मीही बंद पडलं समजून सोडून दिलं, मग वर्षभर याला हातच लावला नव्हता."

मी त्या ओळीभोवती चौकट आखली.