बाबल मिस्त्रींचा संशय

बाबल मिस्त्री कुणावरच विश्वास ठेवत नसत. गिऱ्हाइकावर नाही, ड्रायव्हरवर नाही, आणि स्वतःच्या कानांवर तर मुळीच नाही. लालबागेत मसाला कुटायच्या डंकांमागे त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी आत आली, मालकाने तक्रार सांगायला तोंड उघडलं, की मिस्त्रींचा तेलकट हात वर होई. "तुम्ही नंतर. आधी गाडी काय सांगता ता बघूया. माणूस खोटा बोलता, गाडी नाय."

मग ते पुढचा मडगार्ड दोन्ही हातांनी खाली दाबत आणि एकदम सोडत. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली तर धक्के झेलणारे जंपर गेले. "नमस्कार एकदाच करता तो भला माणूस. सारखो सारखो वाकता त्याच्यापासून सांभाळा," असं म्हणत ते समोरच्याकडे बघत. मी त्यांना पहिल्या भेटीत दोनदा नमस्कार केला होता, हे मला नंतर आठवलं.

लोकांनी आपल्यावर संशय घेऊ नये याचीही त्यांची रीत होती. काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात बांधून ते मालकाच्या हातात देत. "घरी न्या, उजेडात बघा. मागाहून म्हणाल, बाबलानं चांगला माल काढून घेतला."

माझा दवाखाना ठाकूरद्वारला. वडिलांची काळी गाडी आणि त्यांचाच ड्रायव्हर गणपत, दोन्ही मला वारशाने मिळाले होते. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी गणपत गाडी मिस्त्रींकडे नेऊन ग्रीस भरून आणी. वडिलांनी त्याला कधी का म्हणून विचारलं नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. सभा, मोर्चे, रस्त्यावर दगडांचा खच, नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या. कोपऱ्यावर अनोळखी माणूस दिसला की तो साध्या वेशातला पोलीस, असं सगळे धरून चालत. मुंबई महाराष्ट्रात यावी असं मलाही वाटे, पण ते घरात बसून. एका शनिवारी गणपत लालबागहून परतला तो घसा बसलेला. ग्रीसने घसा बसत नाही, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. ग्रीस हे निमित्त, स्वारी सभेला जाते, असं मी ठरवून टाकलं आणि लालबागची फेरी बंद केली. "साहेब, पुढची चाकं कोरडी पडतील," तो म्हणाला. मला ते मुरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

पाच-सहा महिन्यांत गाडीचं पुढचं अंग खडखडायला लागलं. ती डावीकडे ओढू लागली. दगडांतून नेऊन कुठेतरी आपटली असणार, मी म्हटलं. गणपतने देवाची शपथ घेतली. त्या शपथेचाच मला अधिक संशय आला आणि मी त्याला कामावरून काढलं.

गाडी मी स्वतः मिस्त्रींकडे नेली, तीही मनात किंतु ठेवून. गणपत आणि ते, दोघेही मालवणकडचे; एकमेकांना सांभाळून घेणारच. मिस्त्रींचा हात वर व्हायच्या आत मी सांगून टाकलं, "ड्रायव्हरने आपटली आहे."

मिस्त्रींनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, एक डोळा मिटून पाहिलं. "वाकलेला काय एक नाय." टायरवरून तळवा फिरवला, आतली कड झिजलेली होती. मग डावं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. खट्, खट्. "बेरिंग असेल नायतर पिन. डाक्टर, बसा आत आणि ब्रेक दाबा. खट् थांबली तर बेरिंग." मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. खट्, खट्. चाक ज्या पिनेवर वळतं ती पिनच गेली होती.

त्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. एका बाजूने झिजून ती चपटी झाली होती. ग्रीस भरायचं भोक धुळीने दगडासारखं बंद झालं होतं.

"ग्रीस कुणी बंद केला?"

मी पिन उलटून पाहिली.

"डायवरावर पयलो संशय माझोच असता," मिस्त्री म्हणाले. "सभेला जायचो तो, खोटा कित्याक सांगू? पण आधी ग्रीस भरून घ्यायचो, मग जायचो. पेशंटाला हात न लावता रोग ठरवता काय तुम्ही?" त्यांनी पिन कागदात बांधली. मला अतिशय लाज वाटली.

तसाच मी गणपतच्या चाळीत गेलो. तो गॅलरीत भेटला. मी पिन दाखवली, चूक कबूल केली, परत ये म्हटलं. झिजलेल्या बाजूवरून त्याने अंगठा फिरवला.

"गाडी बरी होईल, साहेब," तो म्हणाला. "पण सहा महिने आरशात मला रस्ता कमी आणि तुमचे डोळे जास्त दिसत होते. आता नको." त्याने चहा दिला. मी तो पिऊन निघालो.

नंतर गाडी मीच चालवू लागलो. दर दुसऱ्या शनिवारी लालबागला जायचं, मडगार्ड दाबून घ्यायचा, ग्रीस स्वतःच्या हाताने भरायचं. मिस्त्रींनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मात्र मला कधी वाटलं नाही. ग्रीस भरल्यावर ते माझ्यासमोरच बोट लावून बघत.

शेड बंद करून गावी जायच्या आधी ते एकदा दवाखान्यात आले, गुडघे धरून. "ग्रीस संपला," म्हणाले. मी गुडघा हातात धरून हलवून पाहिला, आणि बऱ्याच वर्षांचा प्रश्न विचारला. "गणपत भेटतो का हो?"

"भेटता. नाक्यावर टॅक्सी लावता."

"माझ्याबद्दल काही बोलतो?"

"तुमच्याबद्दल नाय. पण तुमची गाडी जाताना दिसली की खाली वाकून पुढची चाकं बघता. परवा तो माका म्हणालो, डावा चाक आता सरळ चालता."

त्यांचा गुडघा माझ्या हातातच राहिला होता.