भोईर मॅडम आणि बुजवलेली मोरी

भोईर मॅडमसमोर कुठलंही ड्रॉइंग ठेवलं की आधी त्या कागद फिरवायच्या, उताराची बाजू स्वतःकडे घ्यायच्या आणि विचारायच्या, "खाली कोण राहतं?" एम.टेक.च्या पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "मॅडम, सरावाचा प्लॉट आहे. खाली कोणी नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खाली कोणी नाही असा प्लॉट ठाण्यात शोधून दाखव. मिळाला तर उद्यापासून तू शिकव, मी बाकावर बसते."

मॅडम ठाकुर्लीच्या, आगरी घरातल्या. ज्या खाचरांत त्यांनी लहानपणी भात लावला, तिथे आता टॉवर आहेत. वर्गात त्यांचं मराठी स्वच्छ, पुस्तकी. चिडल्या की घरची बोली यायची. "पानी कोनाचा आयकत नाय. बिल्डरचा तर नायच नाय." आमच्या कोर्सच्या नावात 'शाश्वत' होतं आणि आम्ही तो शब्द पानोपानी पेरायचो. मॅडम लाल पेनने खोडायच्या. "मीठ आहे ते. चिमूटभर घालतात, पोतं ओतत नाहीत."

त्या कंत्राटावर होत्या. दर वर्षी नवं कंत्राट. डोक्यावर ही टांगती तलवार ठेवूनच आपल्याकडे शिक्षकांना 'मूल्यं शिकवा' म्हणून सांगतात.

आमच्या विभागाची नवी इमारत बांधली ती भराव घालून. छतावर सोलर पॅनल, समोर लॉन, मागे उंच कंपाउंड. त्या भिंतीमागे सखल भागात एक जुनी वस्ती. वस्तीचं पाणी पूर्वी याच प्लॉटखालच्या मोरीतून खाडीकडे जायचं. भराव घालताना मोरी बुजवली. पहिल्याच पावसाळ्यात पाणी घराघरांत शिरलं. शाश्वत विकास शिकवणाऱ्या इमारतीने शेजारच्यांच्या चुली विझवल्या, आणि कॉलेजात कोणाला लाज वाटली नाही. मॅडमनी प्राचार्यांना तीनदा सांगितलं. "बघू" हे उत्तर तीनदा मिळालं.

मग इमारतीला पर्यावरणपूरक असल्याचं प्रमाणपत्र द्यायला समिती आली. फिरवायचं काम मॅडमकडे. प्राचार्य म्हणाले, "वर सोलर दाखवा. मागे जायची गरज नाही."

"सर, आपला विषय मागेच आहे," म्हणत मॅडम समितीला थेट भिंतीपाशी घेऊन गेल्या. पलीकडे एक बाई कपडे वाळत घालत होती. मॅडमनी टाचा उंचावून विचारलं, "मावशी, पाणी कुठवर येतं?"

"कंबरेपर्यंत. परत फोटो काढायला आलात काय? काढा. या वेळी आमची तरंगणारी खाट पण घ्या त्यात."

समितीतले साहेब बुटांकडे बघत राहिले. प्रमाणपत्र अडकलं. महिन्याभरात मॅडमना कळवण्यात आलं की विषयांची पुनर्रचना होत असल्याने कंत्राट वाढवता येणार नाही. पुनर्रचना म्हणे. हाकलून देण्याला एवढा सभ्य शब्द शोधायला शिकलेलीच माणसं लागतात.

आम्ही विद्यार्थी पायऱ्यांवर बसलो. मागण्या दोन होत्या: मोरी उघडा, मॅडमना परत घ्या. चौथ्या दिवशी प्राचार्यांनी मला आणि माझ्या वर्गातल्या निखिलला केबिनमध्ये घेतलं. चहा मागवला. "मॅडमचं कंत्राट करून देतो. मोरीचं सोडा. लॉन खणायचं म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?"

आम्ही धावत स्टाफरूममध्ये गेलो. मॅडम टेबल रिकामं करत होत्या. निखिल म्हणाला, "मॅडम, झालं काम. तुम्ही कुठे जात नाही आता."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि मोरी?"

"लॉन खणणार नाही म्हणतात," निखिल म्हणाला.

"मला विचारलंत, माझा सौदा करताना?"

"मॅडम, तुमची नोकरी जातेय," मी म्हणाले.

"गेली तर ठाकुर्लीत डिप्लोमाच्या पोरांचे क्लास घेईन. त्या मावशी कुठे जातील? माझ्या नावावर कोनाच्या घरान पानी सोरू नका. जा, वर जाऊन नाही म्हणून या."

आम्ही नाही म्हणून आलो. पुन्हा पायऱ्यांवर बसलो. या वेळी वस्तीतल्या बायकाही आल्या, त्या मावशी सगळ्यांत पुढे. शेवटी लॉन खणलं गेलं, मोरी उघडली. पुढच्या पावसाळ्यात वस्ती कोरडी राहिली. मॅडमना मात्र परत घेतलं नाही.

नंतर कॉलेजने त्या मोरीवर संगमरवरी पाटी लावली: 'समाजाप्रती आमची बांधिलकी'. खाली प्राचार्यांचं नाव. मी संतापून मॅडमना फोन केला. त्यांचा क्लास चालू होता, मागे पोरांचा गलका.

"मोरी साफ आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग पाटी राहू दे. गाळ बघत जा, अधूनमधून."

मी गाळ बघायला जाते. दर वेळी पाटीही वाचते, पूर्ण, नावासकट. मॅडमनी मला राग सोडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तेवढं एक मी त्यांचं ऐकलं नसतं.