बाराव्या पडद्यावरचा सूर

शाळेत कायम झाले त्या वर्षी मी एक जुनी गिटार विकत घेतली. तिसरीच्या वर्गाला कविता शिकवताना नुसत्या टाळ्यांपेक्षा जरा बरी साथ असावी, एवढीच हौस. व्हिडिओ बघून चार-पाच कॉर्ड बसवले. फोनवरच्या ट्यूनरवर तारा लावल्या की मोकळ्या तारा अगदी गोड वाजायच्या. पण दांडीवर धातूचे जे आडवे पडदे असतात, त्यांतल्या वरच्या पडद्यांवर बोटं सरकली की सगळं बिघडायचं. मुलं एका सुरात आणि गिटार भलत्याच. शेजारच्या वर्गाच्या बाई एकदा म्हणाल्या, तुम्ही टाळ्याच वाजवा, ते बरं वाटतं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मलाच ते पटलं. आपल्याला सुराचा कान नाही असं ठरवून मी गिटार कपाटावर टाकली.

ती खाली काढली नानांनी. नाना म्हणजे माझे वडील. आमच्या तेलुगू घरात वडिलांना असंच म्हणतात. ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. त्यांच्याशी समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, मोठ्यानं बोलावं लागे. निवृत्त झाल्यावर घरातले पंखे, मिक्सर, शेजारणीचं शिलाई मशीन, सगळं दुरुस्त करून झालं होतं. एका रविवारी सकाळी गिटार मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, हिला काय झालंय?

मी म्हटलं, हिला काही नाही, मलाच येत नाही.

"ते नंतर बघू. आधी दाखव की."

मी फोन समोर ठेवला. मोकळी तार छेडली, काटा मधोमध. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडली. तिथं तार बरोबर निम्मी होते, म्हणून तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. काटा उजवीकडे, चढ्या बाजूला पळाला. सहाही तारांचं तेच. नानांना आवाज जेमतेम कळत होता, पण काटा दिसत होता. त्यांनी गिटार डोळ्यांपाशी आडवी धरली आणि तारेच्या खालून बोट घातलं. बोट सहज गेलं.

"एवढी उंच तार दाबायची म्हटल्यावर ती ताणली जाणारच. ताणली की सूर चढणार. तुझा काय दोष?"

वर्षभर मी स्वतःला बेसूर समजत होते.

आधी जुन्या, गंजलेल्या तारा काढून बारीक तारा घातल्या. थोडा फरक पडला. मग नानांनी खाली तारा अडकवतात त्या ब्रिजवरची पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात ती, बाहेर काढली. तिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारली, शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर अंथरला आणि पट्टीची खालची बाजू घासायला लागले. थोडं घासायचं, बसवायचं, तारा लावायच्या, काटा बघायचा, पुन्हा काढायचं. दुपारचं जेवण गार झालं. एकदा जास्तच घासलं गेलं आणि जाड तार पडद्यांवर खरखरू लागली. ती खरखर त्यांच्या कानांनी नाही, तळहातानं पकडली. लग्नपत्रिकेच्या कागदाची एक चिंधी कापून त्यांनी पट्टीखाली सारली.

पाच तारा जवळजवळ जागेवर आल्या. दुसरी तार मात्र ऐकेना. नाना बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, हिला अजून थोडी लांबी पाहिजे. बारीक कानस घेऊन त्यांनी त्या तारेपुरता पट्टीचा माथा मागच्या बाजूला उतरता केला, म्हणजे तार केसभर मागे टेकेल. मी बारावा पडदा दाबला. काटा मधोमध थांबला.

मग त्यांनी गिटारीच्या पोटावर हात ठेवला आणि मला वाजवायला सांगितलं. मी सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली आणि तिच्यासोबत मोकळी पाचवी छेडली. दोन्हींचा सूर एकच.

"आधी थरथर येत-जात होती," ते म्हणाले. "आता सलग आहे."

सोमवारी गिटार शाळेत नेली. मुलांच्या लक्षात काहीच आलं नाही. मुलं फक्त शेवटच्या कडव्यापर्यंत माझ्याबरोबर राहिली. शेजारच्या बाई दारात येऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. पाचवी तार वरच्या पडद्यांवर अजून किंचित चढी आहे. मला ते ऐकू येतं, आणि ऐकू येतं याचंच मला बरं वाटतं.

महिन्याभरानं नाना म्हणाले, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. आई किती वर्षं मागे लागली होती, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. मी कारण विचारलं. जाड तारा हाताला कळतात, ते म्हणाले, पण बारीक तारा कळत नाहीत.

आता त्यांच्या कानात मशीन आहे. कुकरच्या शिट्टीला ते वैतागतात आणि रिक्षा गेली की मशीन काढून ठेवतात. पण संध्याकाळी मी सरावाला बसले की समोर खुर्ची ओढतात. परवा गाणं मध्येच थांबवून त्यांनी मला सांगितलं, पहिली तार पत्र्यासारखी वाजतेय, बदलून टाक.